बंद पडलेल्या पाइपलाइनचा वारस कोण? मराठवाड्याच्या महसूल प्रशासनाला खुले पत्र

प्रति,
मा. विभागीय आयुक्त, छत्रपती संभाजीनगर
तसेच मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांचे मा. जिल्हाधिकारी
माहितीसाठी प्रत: पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ, नवी दिल्ली

विषय: गायरान, नदीपात्र, वनजमीन आणि रस्त्याच्या हद्दीतील तेल व वायू वाहिन्या सेवेतून काढताना ठेवायच्या देखरेखीबाबत

महोदय,

मराठवाड्यातल्या बहुतेक वायुवाहिन्या अजून कोवळ्या आहेत. मुंबई-नागपूर-झारसुगुडा वाहिनी समृद्धी महामार्गाच्या कडेने छत्रपती संभाजीनगर आणि जालना जिल्ह्यांतून जाते. शहर गॅस वितरणासाठी तेव्हाच्या औरंगाबाद आणि अहमदनगर जिल्ह्यांचे क्षेत्र 2018 साली नियामक मंडळाच्या बोलींच्या नवव्या फेरीत दिले गेले. असे असताना वाहिन्या बंद करण्याची चर्चा आताच कशाला, असे आपल्या कार्यालयात कोणीतरी विचारेलच. उत्तर साधे आहे. परवानगीच्या कागदावर अट घालता येते ती परवानगी देतानाच. पाइप जमिनीत गेल्यावर तीस वर्षांनी घातलेली अट फक्त कोर्टाच्या तारखा वाढवते.

आम्ही वाहिन्यांच्या देखभालीची, गंजरोधनाची आणि जमीन मोजणीची कामे करणारी माणसे आहोत. कोणत्याही कंपनीच्या बाजूने किंवा विरुद्ध लिहीत नाही. सांगायचे आहे ते एवढेच: खाजगी रानातून गेलेला पाइप बंद पडला तर शेतकरी बांधावर उभा राहून भांडतो, अर्ज देतो, तहसीलला खेटे घालतो. गायरानातून, ओढ्यातून, रस्त्याच्या कडेने गेलेल्या पाइपासाठी भांडायला कोणी नसते. तिथे मालक म्हणजे आपणच, म्हणजे शासन.

आधी कायदा पाहू. वाहिन्यांसाठी जमीन संपादन करत नाहीत, वापराचा हक्क घेतात. तो 1962 च्या पेट्रोलियम व खनिज वाहिनी कायद्याखाली. कलम 3 ची अधिसूचना निघते, हरकतीला 21 दिवस मिळतात, कलम 6 ची घोषणा होते आणि हक्क कंपनीकडे जातो. भरपाई अधिसूचनेच्या तारखेच्या बाजारभावाच्या 10 टक्के. कलम 9 मुळे त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर किंवा तळे खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. पट्टा बहुधा 18 मीटरचा असतो. म्हणजे एका किलोमीटरला 1.8 हेक्टर, जवळपास साडेचार एकर. आता गंमत बघा. कलम 8 मध्ये पाइप तपासणे, दुरुस्त करणे, बदलणे याबरोबर तो काढणे हा शब्दही आहे, पण तो अधिकार म्हणून आहे, कर्तव्य म्हणून नाही. कंपनीने काढावा असे वाटले तर ती काढू शकते, नाही वाटले तर पाइप जागेवर. आणि कलम 9 चे निर्बंध पाइप चालू आहे की बंद हे विचारत नाहीत. गायरानात वृक्षलागवड मंजूर करताना किंवा घरकुलांसाठी जागा शोधताना ते साडेचार एकर पाइप मेल्यावरही वजाच राहतात.

तांत्रिक नियम नाहीत असे नाही. वायुवाहिन्यांसाठी जगभर वापरली जाणारी, अमेरिकेतल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेची एएसएमई बी 31.8 ही संहिता म्हणते की सोडून द्यायची वाहिनी वायूच्या सर्व स्रोतांपासून तोडावी, आतला वायू काढून टाकावा आणि टोके बंद करावीत. ठीक आहे. पण हे सगळे पाइपच्या आतले झाले. पाइपाच्या बाहेरच्या जमिनीचे काय, त्या गटाच्या नोंदीचे काय, आणि वीस वर्षांनी तिथे पोकलेन लावणाऱ्या ठेकेदाराला कोण सांगणार, हे संहितेचे काम नाही. ते महसूल खात्याचे काम आहे.

तोडणे या एका शब्दावर थोडे थांबू, कारण बहुतेक घोळ इथेच होतो. व्हॉल्व्ह बंद करणे म्हणजे तोडणे नव्हे. व्हॉल्व्हच्या सीटवर वाळूचा एक कण अडकला तरी वायू झिरपतो, आणि दहा वर्षांनी नवा ऑपरेटर तोच व्हॉल्व्ह चालू समजून उघडतो. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या फायरस्टोन गावी एप्रिल 2017 मध्ये एका घरात स्फोट होऊन दोघांचा जीव गेला. कारण होते जवळच्या गॅस विहिरीची 1 इंचाची जुनी नळी. घराजवळ ती कापली गेली होती, टोपण नव्हते, आणि दुसरे टोक विहिरीलाच जोडलेले राहिले होते. त्या वायूला वासही नव्हता, कारण वास घालतात तो वितरणाच्या टप्प्यावर. घटनेनंतर त्या राज्याने इमारतींपासून 1,000 फुटांच्या आतल्या सगळ्या अशा नळ्या तपासायला लावल्या. म्हणून तोडणे म्हणजे काय, हे आपल्या आदेशात शब्दांत लिहिलेले हवे: चालू वाहिनी आणि बंद वाहिनी यांच्यामध्ये किमान 1 मीटरचा तुकडा कापून काढायचा, चालू बाजूला वेल्ड केलेली टोपी बसवायची, त्या वेल्डची तपासणी करायची, आणि खड्डा बुजवण्यापूर्वी टेप लावून, अक्षांश-रेखांशासह फोटो काढायचे. नुसती ब्लाइंड फ्लँज, म्हणजे बोल्टने कसलेली झाकणाची चकती, चालणार नाही, कारण बोल्ट काढता येतात. हा पंचनामा ग्राम महसूल अधिकाऱ्यासमोर व्हावा. त्यांना वेल्डिंग समजायची गरज नाही. मधला तुकडा काढलेला आहे एवढे डोळ्यांना दिसते.

त्यानंतर सफाई. डिझेल किंवा पेट्रोल वाहून नेणाऱ्या 12 इंची वाहिनीचे उदाहरण घेऊ. बाहेरचा व्यास 323.9 मिमी, जाडी 6.4 मिमी, म्हणजे आत साधारण 311 मिमी. सगळे इंधन ढकलून बाहेर काढल्यावरही भिंतीवर फक्त एक दशांश मिलिमीटरचा थर राहिला, तर एका किलोमीटरला सुमारे 98 लिटर होते. वीस किलोमीटरला जवळपास 2,000 लिटर, म्हणजे 200 लिटरची दहा पिंपे. शिवाय उतारांच्या तळाशी, ओढ्याखालच्या वाकणात, जे साचते ते वेगळेच. म्हणून आतून रबरी किंवा फोमचा बोळा, ज्याला या धंद्यात पिग म्हणतात, एकदा फिरवून भागत नाही. आधी फोमचा, मग ब्रशचा, मग पुन्हा फोमचा, आणि शेवटचा कोरडा बाहेर येईपर्यंत. वायुवाहिनीत पिगबरोबर काळी पूड निघते. वायूत गंधक असेल तर त्या पुडीतले आयर्न सल्फाइड हवेत कोरडे झाले की स्वतःहून पेट घेऊ शकते. ती ओली ठेवूनच बंद पिंपात भरायची, गायरानात ओतून द्यायची नाही.

धुण्याच्या पाण्याचा प्रश्न मराठवाड्यात लाजिरवाणा आहे. 12 इंची पाइपात एका मीटरला 76 लिटर पाणी मावते. वीस किलोमीटर पूर्ण भरून धुवायचे ठरवले तर सुमारे 1,520 घनमीटर, म्हणजे 10,000 लिटरचे दीडशे टँकर. मे महिन्यात अर्ध्या तालुक्याला टँकर सुरू असताना कोणी असा प्रस्ताव आणला तर तो परत पाठवावा. दोन पिगांच्या मध्ये पाइपाच्या 500 मीटर लांबीत मावेल एवढेच पाणी ठेवून ते मागून नायट्रोजनने ढकलता येते. त्याला 38 घनमीटर, म्हणजे चार टँकर पुरतात. बाहेर आलेले पाणी ओढ्यात सोडता येणार नाही. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात तेल व ग्रीसची मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम आहे. ते पाणी टँकरने प्रक्रियेला गेले याची पावती फाइलला हवी. आणि नायट्रोजन वापरला जातो तिथल्या खड्ड्यात ऑक्सिजन मोजल्याशिवाय मजूर उतरवू नये. नायट्रोजनला रंग नाही, वास नाही, माणूस खोकतही नाही, खाली बसतो आणि उठत नाही.

पाइप कापण्याआधी आतल्या हवेची तपासणी व्हावी. मिथेन हवेत 5 ते 15 टक्के असला की पेटतो. कापणी गॅस कटरने नको, थंड पद्धतीने, म्हणजे ठिणगी न उडवणाऱ्या पाइप कटरने. इथे भंगाराचा विषयही येतो. वर सांगितलेला पाइप मीटरला 50 किलो भरतो, म्हणजे किलोमीटरला 50 टन लोखंड. एवढे भंगार जमिनीखाली मीटरभर खोल, बिनराखणीचे आहे हे कळले की ते तसेच राहील असे धरणे भाबडेपणाचे आहे. रात्री ते काढायला येणाऱ्याजवळ गॅस कटरच असतो आणि पाइपात पेट्रोलची वाफ असते. वाहिनी बंद झाली म्हणून गस्त बंद करायची नसते, हे कंपनीला लेखी सांगावे.

आता पाइप बाहेरून कसा बिघडतो ते. चालू वाहिनीला गंजापासून वाचवायला वरचे वेष्टण आणि कॅथोडिक संरक्षण असते. ठरावीक अंतरावरच्या टीआर युनिटमधून, म्हणजे एसी विजेची डीसी करणाऱ्या पेटीतून, थोडा डीसी प्रवाह सोडून पाइपाचे मातीच्या तुलनेतले विद्युत विभव -850 मिलिव्होल्टच्या खाली ठेवतात. वाहिनी बंद झाली की वीजबिल वाचवायला पहिले बटण बंद होते ते हेच. आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते आणि पावसात फुगते. ही ओढाताण वेष्टण सोलून काढते. भेगेतून हवा जाते, ओल्या मातीतून प्रवाह सहज वाहतो. संरक्षण बंद झाल्यावर भोके आधी कुठे पडतील हे इथल्या जमिनीवर ओळखणे कठीण नाही: जिथे काळी माती मुरमाला मिळते त्या ओळीवर, आणि ओढ्याच्या दोन्ही काठांवर. जुन्या पाण्याच्या वाहिन्या फुटल्या की रस्त्यावर कारंजे दिसते. पैठण रस्त्याने जाणाऱ्यांना 700 मिमीच्या वाहिनीने ते अनेकदा दाखवले. रिकाम्या तेलवाहिनीला भोक पडले तर काहीच दिसत नाही. तिथून पाणी आत शिरते, आत उरलेले तेल घेऊन उताराने निघते आणि दोन-तीन किलोमीटरवरच्या दुसऱ्या भोकातून बाहेर येते. बहुधा कोणाच्या तरी विहिरीशेजारी.

पाझर तलाव आणि कोल्हापुरी बंधारे बांधून आपण पाणी अडवतो. तलावाच्या जवळून गेलेला रिकामा, भोके पडलेला पाइप म्हणजे जमिनीखालचा चर. पाइप शाबूत असला तरी चराची भुसभुशीत भरती कठीण मुरमातून पाणी वाहून नेते. त्यामुळे टोके बंद करणे पुरेसे नाही. पाइपात आणि पाइपाभोवतीच्या चरात, ठरावीक ठिकाणी बूच हवीत. प्रत्येक ओढ्याच्या दोन्ही काठांवर, तलावाच्या वरच्या आणि खालच्या अंगाला, मोठ्या उतारावर आणि रस्ता ओलांडण्याच्या दोन्ही बाजूंना. आमच्या मते आतले काँक्रीटचे बूच किमान 2 मीटर लांबीचे असावे आणि बाहेरचा बांध बेंटोनाइट, म्हणजे पाण्याने फुगणारी चिकणमाती, मिसळलेल्या मातीचा. काँक्रीट आकसते, म्हणून नुसत्या टोकाला थापलेला गिलावा बूच धरू नये. रस्त्याखाली तर पाइप पूर्ण भरावा. 40 मीटरच्या ओलांडणीला 12 इंची पाइपात तीन घनमीटर पातळ सिमेंट ग्राउट लागते. खर्च किरकोळ आहे. पण पाइप गंजून बसला आणि वरून उसाचा ट्रक गेला, तर खचलेल्या रस्त्याचे बिल सार्वजनिक बांधकाम खात्याला येते.

नदीपात्राचे गणित तर सरळ आहे आणि तेच सगळ्यात दुर्लक्षित आहे. मघाचा 12 इंची पाइप एका मीटरला सुमारे 82 किलो पाणी बाजूला सारतो आणि त्याचे स्वतःचे वजन 50 किलो. रिकामा पाइप पाण्यात मीटरला 32 किलोने वर ढकलला जातो. 18 इंची असेल तर हाच जोर 90 किलोच्या वर जातो. वायुवाहिनी चालू असताना आतल्या वायूमुळे यात फारसा फरक पडत नाही, म्हणूनच टाकताना काँक्रीटचे वजन किंवा खोली दिलेली असते. पण ती वरच्या वाळूच्या आणि गाळाच्या भरवशावर. गोदावरी, दुधना, पूर्णा, मांजरा यांच्या पात्रातून वाळू कशी जाते हे आपल्याला आम्ही सांगायला नको. ओढ्यांमध्ये जलयुक्त शिवारखाली नाला खोलीकरण झाले आहे. पोकलेनने तळ दोन मीटर खाली नेला की पाइपवरचे आच्छादन संपलेच. पाइप उघडा पडतो, पुरात झाडे-झुडपे त्यात अडकतात, पाणी तुंबून काठ कापते. चालू वाहिनी अशी उघडी पडली तर गस्तवाला लगेच कळवतो. बंद वाहिनीकडे कोण बघतो?

मग सगळेच पाइप उपटून काढायचे का? नाही. इथे आमचे मत अनेकांना पटणार नाही. सपाट काळ्या रानात मीटरभर खोल, नीट साफ केलेला पाइप राहिला तर नांगराला आड येत नाही. तो काढायचा तर एका किलोमीटरला मीटरभर रुंद, दीड मीटर खोल चर म्हटले तरी 1,500 घनमीटर माती हलवावी लागते. ती काढताना वरची काळी माती आणि खालचा मुरूम एकाच ढिगात टाकला, तर ती पट्टी पुढची पंधरा वर्षे पीक देणार नाही. काढायचेच असेल तर रब्बी निघाल्यावर, जमीन कोरडी असताना, दोन ढीग वेगळे ठेवून, मुरूम खाली दाबून आणि माती वर थोडा उंचवटा ठेवून भरावी. पहिल्या पावसाळ्यात ती खचतेच. दुसऱ्या पावसाळ्यानंतर चर ओघळ होऊन वाहत नाही हे पाहिल्यावरच काम पूर्ण झाल्याचा दाखला द्यावा. नदी-ओढ्यांच्या पात्रातला, गावठाणवाढीच्या जागेतला आणि शाळा, बाजारतळ यांच्या खालचा पाइप मात्र काढावा. तलावाच्या बांधाखालून कुठे गेला असेल तर बांध फोडून ओढून काढू नये, तिथे ग्राउटच. जुन्या पाइपावर डांबरी वेष्टण असते. ते सोलून गायरानात जाळण्याची पद्धत दिसली की काम थांबवावे. म्हणजे निर्णय तुकड्या-तुकड्याने, गट नंबरनुसार व्हावा. सगळी लाइन जागेवर सोडली, असा एका ओळीचा अर्ज स्वीकारू नये. सोपे पडते म्हणून असा निर्णय रूढ होतो, हे जगात दिसले आहे. मेक्सिकोच्या आखातात 1960 च्या दशकापासून बंद झालेल्या वाहिन्यांपैकी 97 टक्क्यांहून जास्त, म्हणजे सुमारे 18,000 मैल, समुद्रतळावरच सोडायला परवानगी मिळाली, असे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2021 मध्ये नोंदवले. एकेक परवानगी वेगळी पाहिली तर प्रत्येक वाजवी वाटली असणार.

गायरानाबद्दल थोडे अधिक. मराठवाड्यात गायरानावर भूमिहीन कुटुंबे वर्षानुवर्षे कसतात, त्यांची नावे फार तर गाव नमुना 1-ई मध्ये, अतिक्रमण म्हणून. पाइप टाकताना जमिनीची भरपाई शासनाकडे जाते, कसणाऱ्याकडे नाही. पाइप काढताना मातीचा खेळखंडोबा होतो तो मात्र त्याच्याच वावराचा. वाद असला तरी काढणीच्या नुकसानीची नोटीस आणि पीक पंचनामा प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या नावे करायला कायद्याची अडचण येऊ नये. निदान ग्रामसभेत नकाशा लावून, कोणत्या गटात पाइप काढणार आणि कोणत्यात ठेवणार, हे आधी सांगावे.

पैशाशिवाय यातले काही होणार नाही. वाहिनी चालू असते तेव्हा कंपनीकडे पैसा असतो, बंद होते तेव्हा नसतो, किंवा कंपनीच बदललेली असते. तेल व वायू विहिरींसाठी आपल्याकडे 1999 पासून जागा पूर्ववत करण्याच्या निधीची योजना आहे, आयकर कायद्यात त्यावर वजावटही दिलेली आहे. पण ती उत्पादनासाठी, वाहतुकीच्या वाहिन्यांसाठी नाही. कॅनडाने 2015 पासून वाहिनी कंपन्यांना बंद करण्याचा खर्च आधीच बाजूला ठेवायला लावला. केंद्राने तसे करावे यासाठी पत्रव्यवहार जरूर करावा, पण तोवर शासकीय जमिनीवरून परवानगी देताना जिल्हाधिकाऱ्यांनी बँक हमी मागण्यात गैर काय? रक्कम अंदाजाने नको. ओलांडण्यांची संख्या, ग्राउटचे घनमीटर, काढायच्या पाइपाचे मीटर, दोन पावसाळ्यांची पाहणी, यांची दरसूचीवरून बेरीज करावी आणि दर पाच वर्षांनी सुधारावी. भंगाराची किंमत त्यातून वजा करू देऊ नये. भंगाराचा भाव पडला की हमी अपुरी पडते. शहर वितरणाचे एकाधिकार 25 वर्षांचे आहेत. 2018 ची फेरी 2043 ला संपते. तेव्हा आज टाकलेल्या प्लास्टिकच्या नळ्या गंजणार नाहीत, पण शोधताही येणार नाहीत, कारण लोकेटरला धातू लागतो. नळीसोबत तांब्याची तार टाकली आहे का, हे खोदाई परवानगी देतानाच पाहावे.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचे काम नोंदीचे आहे. पाइप बंद झाला की सातबाऱ्याच्या इतर हक्कांत फेरफार व्हावा: कोणत्या तारखेला बंद, किती खोल, कोणत्या टप्प्यात काढला, कोणत्यात ठेवला, बूच कुठे. काढलेल्या पट्ट्यावरचा वापराचा हक्क संपल्याचीही नोंद व्हावी, म्हणजे तिथे झाड लावता येईल. मोजणी भूमी अभिलेख खात्याच्या रोव्हरने, म्हणजे उपग्रहावरून जागा मोजणाऱ्या यंत्राने, पाइप उघडा असतानाच करावी, नंतर जुन्या नकाशावरून ओळ ओढून नाही. खोदाईपूर्वी कळवायचे केंद्राचे कॉल बिफोर यू डिग अ‍ॅप मार्च 2023 पासून आहे. त्यात चालू वाहिन्यांसोबत बंद वाहिन्याही दिसायला हव्यात. खुणेचे खांब काढू नयेत, फक्त पिवळ्या रंगावर बंद असे रंगवावे.

एक काम मात्र पुढच्या वर्षावर टाकू नका. यंदा वाळू गटांच्या लिलावाचे नकाशे तयार होतील तेव्हा चालू आणि बंद, दोन्ही वाहिन्यांच्या नदी ओलांडण्या त्यावर लाल रेषेने दाखवाव्यात आणि रेषेच्या वर-खाली ठरावीक अंतर गटातून वगळावे. नाला खोलीकरणाच्या अंदाजपत्रकालाही हीच तपासणी लागू करावी. त्यासाठी नवा कायदा नको, निधी नको. लागतील त्या फक्त कंपन्यांकडून मागवलेल्या ओलांडण्यांच्या याद्या, आणि त्या मागण्याचा अधिकार आपल्याकडे आहेच.

आपले,
मराठवाड्यातील वाहिनी देखभाल, गंजरोधन व भूमापन क्षेत्रात काम करणारे काही अभियंते आणि तंत्रज्ञ